‘नंतर कळवतो’ न म्हणणारी माणसं

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, तरुण माणसं जोडीदार शोधतात अशा ‘लव्ह ऑन द स्पेक्ट्रम’ या नेटफ्लिक्सवरच्या कार्यक्रमाचा विषय निघाला की बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात. एका तटाच्या डोळ्यांत पाणी असतं. किती निरागस पोरं, किती खरं प्रेम! दुसरा तट चिडलेला असतो. दिव्यांगांचा तमाशा मांडलाय, त्यांच्या अडखळण्यावर जग हसतंय. बेळगावात, खानापुरात, निपाणीत ज्या घरांत स्वमग्न मूल आहे, तिथल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवरही या कार्यक्रमाच्या क्लिपा फिरतात आणि त्यांच्याखाली हेच दोन तट हमरीतुमरीवर येतात. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण कार्यक्रमात जी एक गोष्ट खरोखर उचलण्यासारखी आहे, तिच्याकडे दोघांचंही लक्ष जात नाही. तिथं ‘हो’ आणि ‘नाही’ त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून येतं. आपल्याकडे ते त्याच्या बापाच्या, मामाच्या नाहीतर मध्यस्थाच्या तोंडून येतं.

कार्यक्रम मूळचा ऑस्ट्रेलियातला. २०१९ मध्ये तिथल्या एबीसी वाहिनीवर आला, पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सनं तो जगभर नेला. २०२२ मध्ये त्याची अमेरिकी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी तिला तीन एमी पुरस्कार मिळाले. त्याच्याही आधी, २०१२ पासून, ब्रिटनच्या चॅनल फोरवर ‘द अनडेटेबल्स’ (म्हणजे ज्यांच्याशी कुणी जुळवणार नाही अशी माणसं) चालू होता. त्याच्या नावावरून आणि जाहिरातींवरून सुरुवातीलाच गदारोळ उठला, तरी तो २०२० पर्यंत चालला. दिव्यांगांनी जोडीदार शोधायचा आणि प्रेक्षकांनी ते घरी बसून बघायचं, या प्रकाराचा एव्हाना एक ठरीव साचा झालाय.

साच्यातली पहिली पायरी म्हणजे ओळख. निवेदनात आवडीनिवडीची यादी येते. याला अमुक आवडतं, याला तमुक वास सहन होत नाही. पंचविशी-तिशीचा माणूस, पण ओळख बालवाडीच्या स्नेहसंमेलनातल्यासारखी. मग सोफ्यावर आई-वडील. मग त्याची खोली, कपाटावरच्या बाहुल्या नाहीतर आगगाडीची मॉडेलं. मग एखाद्या हॉटेलात पहिली भेट. भेटीत दोघं गप्प झाले की मागं तारा छेडल्याचं टुणटुण संगीत सुरू होतं आणि प्रेक्षकाला कळतं, की आता हसायचं आहे. खरं तर अनोळखी माणसासमोर गप्प होण्याइतकी साधी गोष्ट नाही. आपल्याकडे पाव्हणे मुलगी बघायला आले की पोह्यांतले शेंगदाणे मोजून होतील एवढी शांतता पसरते, तिथं कुणी टुणटुण वाजवत नाही. संगीत काढून तोच प्रसंग बघा, समोर दोन घाबरलेली माणसं दिसतील, बस्स. कार्यक्रमावर माझा मोठा आक्षेप हाच आहे. तो क्रूर मुळीच नाही. तो लाडिक आहे, आणि लाडिकपणाची तक्रार कुठं नोंदवायची हे कुणाला माहीत नसतं.

हा लाडिकपणा आपल्याला नवा नाही. ऑस्ट्रेलियातली स्टेला यंग ही पत्रकार, व्हीलचेअर वापरणारी, २०१४ मधल्या तिच्या गाजलेल्या भाषणात एक आठवण सांगते. ती पंधरा वर्षांची असताना गावातल्या कुणीतरी तिच्या आई-वडिलांना सांगितलं, की तुमच्या मुलीला कर्तृत्वाच्या पुरस्कारासाठी सुचवायचं आहे. आई-वडील म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण अडचण एवढीच की तिनं अजून काही कर्तृत्व केलेलं नाही. ती शाळेत जात होती, अभ्यास करत होती, टीव्ही बघत होती. आता आपल्याकडचा ३ डिसेंबर आठवा. जागतिक दिव्यांग दिन. सभागृहात फुलांचा हार, शाल, श्रीफळ, मागं पाहुण्यांच्या नावांचा बॅनर, आणि समोर ज्याचा सत्कार होतोय त्यानं नेमकं काय केलं हे निवेदकाला शेवटपर्यंत सांगता येत नाही. ‘अपंगत्वावर मात करून’ एवढं म्हणून तो पुढच्या नावाकडे वळतो. मात करून काय केलं? बी.कॉम. केलं. बी.कॉम. तर सगळ्यांनीच केलंय. हाच लाडिकपणा प्रेमाच्या बाबतीत शिरला की त्याचं रूप जास्त घातक होतं. मग दिव्यांग माणसाचं प्रेम गोड, निर्मळ, देवाघरचं ठरतं. त्याला वासना नसते, राग नसतो, चार मुलींतली एकच जास्त आवडत नसते. देवाच्या लेकराला पसंती कसली विचारायची?

कार्यक्रमात आणखी एक प्रकार चालतो, शिकवणीचा. भेटीआधी एक मार्गदर्शक येते आणि शिकवते, की समोरच्याच्या डोळ्यांत बघ, तिला प्रश्न विचार, तुझ्याच आवडीच्या विषयावर फार वेळ बोलू नकोस. ऑस्ट्रेलियातल्या भागांत हे काम जोडी रॉजर्स या समुपदेशक करायच्या. अमेरिकी आवृत्तीत जेनिफर कुक आल्या, त्या स्वतः स्वमग्न आहेत, आणि त्यामुळे शिकवण्याचा सूर पुष्कळ बदलला. तरी शिकायचं फक्त स्वमग्न माणसानं, हे गृहीत तसंच राहिलं. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, तेही स्वमग्न, यांनी २०१२ मध्ये एक साधा मुद्दा मांडला. स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण धरून चालतो, पण इतरांना तरी स्वमग्न माणसाचं मन कुठं कळतं? गोंधळ दुहेरी असतो आणि दुरुस्ती मात्र एकाच बाजूची मागितली जाते. त्या हॉटेलातल्या वेटरला, शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला, घरी बसलेल्या आपल्याला कुणी शिकवणी लावत नाही.

एवढं सगळं म्हणूनही हा कार्यक्रम बंद करा असं मी म्हणणार नाही. कारण त्यात एक क्षण वारंवार येतो. भेट संपता संपता मुलगा किंवा मुलगी सरळ सांगते, की मला तुझ्याबद्दल तसं काही वाटलं नाही, आपण मित्र म्हणून राहू या का? समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ठीक आहे. संपलं. आपल्या उभ्या विवाहव्यवहारात हे वाक्य मला ऐकायला मिळालेलं नाही. आपल्याकडे ‘नंतर कळवतो’ असतं. कळवतो म्हटलेले पाव्हणे कधी कळवत नाहीत. मुलीचा बाप पंधरा दिवस फोनकडे बघत बसतो, मग मध्यस्थाला विचारतो, मध्यस्थ म्हणतो, ‘पत्रिका जुळंना म्हणालेत.’ पत्रिका तर आधीच जुळवलेली असते. नकार देण्यात आपण सगळे, धडधाकट आणि शिकलेसवरलेले, अत्यंत कच्चे आहोत. ज्यांना संवाद जमत नाही म्हणून आपण कीव करतो ती माणसं नकार एका वाक्यात, अपमान न करता, डोळ्यांत न बघता का होईना, देऊन मोकळी होतात.

आपल्याकडे याच माणसांच्या तोंडचं ‘हो-नाही’ कसं काढून घेतलं जातं ते मी एका वधू-वर मेळाव्यात बघितलं. शहरातलंच एक मंगल कार्यालय, रविवारची सकाळ, दारात नोंदणीचं टेबल, अर्जात नाव, कुळी, शिक्षण, पगार, शेती किती, आणि अगदी खाली ‘शारीरिक व्यंग असल्यास’. मंचावर एकेक उमेदवार येऊन माईकवर आपली माहिती सांगत होता. असल्या अर्जांचा गठ्ठा संयोजकांनी जेवणाच्या आधी, शेवटी ठेवला होता, तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या. एक मुलगा वडिलांबरोबर वर आला. माईक वडिलांनी घेतला. ‘पोरगा गुणाचा हाय, कॉम्प्युटर शिकलाय, नुसता जरा बोलायला वेळ लागतोय.’ मुलगा शेजारी उभा राहून शर्टाचं खालचं बटण काढत-घालत होता. मग त्यानं हात पुढं केला, माईक ओढून घेतला आणि म्हणाला, ‘मला मोठा आवाज सहन होत नाही. हळू बोलणारी मुलगी पाहिजे. आणि मला मुंबईला जायचं नाही.’ सभागृह हसलं. वडिलांनी ओशाळून माईक परत घेतला. त्या सकाळच्या सगळ्या परिचयांत जोडीदाराकडून नेमकं काय हवंय हे सांगणारा तो एकटा होता. बाकीच्यांना ‘अनुरूप’ पाहिजे होती.

वडिलांची बाजू मला कळते. ‘आमच्या मागं याचं कोण?’ हा प्रश्न ज्या घरात रोज रात्री निघतो तिथं प्रेमाबिमाच्या गप्पा चैनीच्या वाटतात. मग लग्न ही सांभाळण्याची तजवीज होते. आणि तिथंच आपला खरा हिशेब उघडा पडतो. मुलगा दिव्यांग असेल आणि चार एकर ऊस असेल, तर कुठून तरी गरिबाघरची मुलगी शोधली जाते. तिला मुलाबद्दल ‘जरा शांत आहे’ एवढंच सांगितलं जातं, आणि लग्नानंतर कळतं की आपण बायको म्हणून कमी आणि पगार नसलेली आया म्हणून जास्त आलोय. हल्ली धडधाकट शेतकरी पोरांनाही मुली मिळेनात, तेव्हा हा बाजार आणखी आतबट्ट्याचा झालाय. मुलगी दिव्यांग असेल तर बाहेरचं स्थळ बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. एक तर ती जन्मभर भावाच्या संसारात भांडी घासते, नाहीतर ‘घरातल्या घरात’ म्हणून मामाच्या पदरात टाकली जाते. मामाशी लग्न आपल्याकडे अजून नवल नाही, त्यामुळे कुणी भुवई उंचावत नाही. या चारही माणसांत, म्हणजे तो मुलगा, ती गरिबाघरची मुलगी, ही दिव्यांग मुलगी आणि तो मामा, पसंती कुणाला विचारली?

‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा सल्ला देणारे तर गल्लोगल्ली भेटतात. ऑटिझमवर लग्न हे औषध असतं तर डॉक्टरांनी ते चिठ्ठीवर लिहून दिलं असतं.

कायदा काय म्हणतो? तो दोन तोंडांनी बोलतो. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं २००७ मध्ये मान्य केला. त्याचं २३ वं कलम विवाहयोग्य वयाच्या प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला स्वतःच्या मुक्त संमतीनं लग्न करण्याचा, कुटुंब उभारण्याचा हक्क देतं. २०१६ चा आपला दिव्यांग हक्क कायदा त्याच कराराला धरून आला आणि त्यानं मान्य अपंगत्वांची यादी २१ वर नेली. त्यात ऑटिझम स्वतंत्रपणे आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले होते, पण तेव्हाच्या तक्त्यात ऑटिझमला वेगळा रकानाच नव्हता. दुसरीकडं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं पाचवं कलम अजून लागू आहे. त्यातला एक भाग सांगतो, की संमती देण्याइतकी समज असली तरीही, मानसिक विकारामुळं माणूस लग्नाला आणि अपत्यजन्माला ‘अयोग्य’ असेल तर तो लग्नाच्या अटीत बसत नाही. योग्य-अयोग्य ठरवायचं कुणी आणि कशावरून, याची फूटपट्टी कलमात नाही. शिवाय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्न मुलगा अठराचा झाला की आई-वडील डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, ऑफिसातल्या स्थानिक समितीकडं अर्ज करून त्याचे कायदेशीर पालक होऊ शकतात. बँकेच्या, पेन्शनच्या कामासाठी ते लागतं आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तो कागद हातात आला की घरात त्याचा अर्थ पसरत जातो. खात्यावर सही बापाची, म्हणून मोबाइलवर पहारा बापाचा, म्हणून मुलगी पसंत बापाला.

सरकारी योजनांची तर गंमतच. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये शासन निर्णय काढला, की दिव्यांग व्यक्तीशी दिव्यांग नसलेल्या व्यक्तीनं लग्न केलं तर ५० हजारांचं साहाय्य. त्यात २५ हजारांचं बचत प्रमाणपत्र, २० हजार रोख, साडेचार हजार संसारोपयोगी वस्तूंसाठी आणि ५०० रुपये स्वागत समारंभासाठी. (पाचशे रुपयांत किती लोकांना कुंदा पुरतो याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.) कर्नाटकातही अशाच लग्नाला ५० हजारांचं प्रोत्साहनधन आहे. सीमेच्या अलीकडचा, कर्नाटकातला मुलगा आणि महाराष्ट्रातल्या चंदगडची मुलगी असेल तर कागद कुठल्या सरकारकडं न्यायचे हा निराळा ताप. हेतू चांगला असेल, पण पैसे देण्याची ही रीत सांगते काय? दिव्यांगाशी लग्न म्हणजे उपकार, आणि उपकाराला बक्षीस. दोन दिव्यांगांनी एकमेकांना पसंत केलं तर त्या २०१४ च्या निर्णयात त्यांना जागा नव्हती. आता याच्या शेजारी टीव्हीचा साचा ठेवून बघा. तिथं नेमकं उलटं आहे. स्वमग्न मुलाची गाठ बहुतेक वेळा स्वमग्न मुलीशीच घालून दिली जाते. निर्मात्याला वाटतं यांचं आपसातच जमेल, सरकारला वाटतं यांना धडधाकटांत मिसळावं. दोघांनीही जोड्या आधी जुळवल्या, विचारलं मागाहून.

सीमाभागातल्या मराठी माणसाला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागू नये. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला न विचारता म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलं, ही आपली तक्रार आहे. १९६७ मध्ये सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि इतकी वर्षं आपण भौगोलिक सलगतेइतक्याच जोरानं लोकेच्छा मांडत आलो. इथं राहणाऱ्यांना काय हवंय ते त्यांनाच विचारा, एवढंच आपण म्हणतो. भलं आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं असं सांगणाऱ्या प्रत्येकाचा आपल्याला संताप येतो. कानडीतला अर्ज पुढ्यात टाकून ‘सही करा’ म्हणणाऱ्या कारकुनासमोर आपण ताठ उभे राहतो. आणि घरी येऊन त्याच ताठ मानेनं पंचविशीतल्या मुलाला सांगतो, ‘तुला काय कळतंय, आम्ही बघतो तुझं.’ कडोलीपासून येळ्ळूरपर्यंत गावोगाव साहित्य संमेलनं भरवणारी आपली माणसं आहेत. भाषणांना तिथं तोटा नसतो. घरातल्या माणसाच्या इच्छेवर तिथं एखादं सत्र ठेवायला कुणाची हरकत नसावी.

टीव्हीवाल्यांसाठीही मापदंड आता परका राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पडद्यावरच्या दिव्यांगांच्या चित्रणाबद्दल सविस्तर सांगितलं. दिव्यांगांना खाली दाखवणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा, हा फरक केला, आणि दिव्यांगांबद्दल काही करताना त्यांना सोबत घ्या असं म्हटलं. उद्या मराठीत किंवा कन्नडमध्ये कुणी असा कार्यक्रम काढला, आणि निघेलच, तर माझी अपेक्षा मोजकी आहे. संकलनाच्या खोलीत स्वमग्न माणूस बसलेला असावा. आई-वडिलांच्या मुलाखती त्या माणसाच्या मुलाखतीनंतर याव्यात. टुणटुण नको. आणि कार्यक्रम संपल्यावर त्या माणसाला पुढं काम मिळतं का, हेही कुणीतरी बघावं. ऑस्ट्रेलियन कार्यक्रमातला मायकल थियो २०२४ मध्ये ‘ऑस्टिन’ या मालिकेत मुख्य भूमिकांपैकी एका भूमिकेत अभिनेता म्हणून दिसला. मला ती गोष्ट तीन एमींपेक्षा मोठी वाटते.

वधू-वर मेळावे भरवणाऱ्यांनी तर वाहिनीची वाट बघायचं कारण नाही. अर्ज शेवटी ठेवू नका. माईक आधी उमेदवाराला द्या, पालकांना नंतर. ज्याला लाउडस्पीकर सोसत नाही त्याच्यासाठी कार्यालयाची मागची एखादी खोली उघडा, तिथं दोघांना बसू द्या, आणि पाव्हण्यांना तेवढा वेळ चहा पाजा. बोलायला जड जात असेल तर लिहून, मोबाइलवर टाइप करून बोलू द्या. आणि पसंत नसेल तर तिथल्या तिथं, तोंडावर, नीट सांगायची पद्धत पाडा, सगळ्यांसाठीच.

एक गोष्ट मात्र कार्यक्रमवाले आणि मी, दोघंही टाळतो आहोत. पडद्यावर दिसतात ती बहुतेक बोलणारी, हजरजबाबी, कॅमेऱ्याला आवडतील अशी स्वमग्न माणसं. जो मुलगा शब्दानं बोलत नाही, चित्रं दाखवून किंवा हात ओढून सांगतो, त्याचं ‘हो’ म्हणजे नेमकं काय आणि ‘नाही’ म्हणजे काय, हे कसं ओळखायचं? त्याच्या आईला वाटतं आपल्याला कळतं. बहुतेक वेळा कळतंही. पण मुलाला भूक लागली हे ओळखणं निराळं आणि शेजारी आणून बसवलेली मुलगी त्याला जन्मभर हवी आहे का हे ओळखणं निराळं. तिथं मला तरी वाटतं, की खात्री होत नसेल तर लग्न लावू नये, आणि ‘आमच्या मागं कोण’ याचं उत्तर सुनेत शोधण्याऐवजी निवासात, पेन्शनमध्ये, भावंडांत आणि सरकारात शोधावं. काही जणांना लग्न नकोच असेल. गेल्या वर्षी एका मुलीनं पाव्हण्यांच्या समोर आईला पाटीवर लिहून दाखवलं, ‘मला इथंच राहायचं आहे.’ पाव्हणे चहा पिऊन गेले. आता घरात पुढच्या स्थळाचा विषय निघालाय.